ईडन पार्कवरील एक सायंकाळ

क्रीडांगणावरील गर्दीविषयीं एका संस्कृत शिकविणाऱ्या शाळामास्तरानें लेख लिहावा, हें पुष्कळ वाचकांस विचित्र वाटेल. मलाहि तें तसेंच वाटतें. लहानपणीं आट्यापाट्या व हुतूतू यांपलीकडे मी कोणताच खेळ खेळलों नाहीं; आणि मॅट्रिक झाल्यावर शास्त्रीबुवांच्या हाताखालीं व्याकरण व काव्य शिकण्यांत जीं वर्षें गेलीं, त्यांत मैदानाचें तोंड पाहण्यास सवडच नव्हती. परंतु गर्दी मोजण्याची संवय मात्र मला पस्तीस वर्षांच्या नोकरीनें लाविली. वर्गांत पाऊल टाकतांच एका नजरेंत डोकीं किती आहेत हें मास्तरास समजलें पाहिजे. पटावर ५२, हजर ४१. आणि त्या ४१ मुलांपैकीं फळ्याकडे लक्ष असलेलीं किती, हा तिसरा आंकडा. हा शेवटचा आंकडा कोणत्याच पत्रकांत भरावा लागत नाहीं. तरीहि शिक्षकाच्या सगळ्या श्रमांचें फळ त्यांतच असतें. पट, हजेरी आणि लक्ष या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें वर्गावर जाणारा प्रत्येक मास्तर जाणतो. परदेशांतील एका मैदानावर मला या तिसऱ्या आंकड्याचें जें दर्शन घडलें, तें सांगण्यासाठीं हा प्रपंच.

२०१८ सालीं मी सेवानिवृत्त झालों, व पुढच्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास सौभाग्यवतींसह न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरीं चिरंजीवांकडे गेलों. ऑकलंड हें दोन बंदरांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर पसरलेलें शहर आहे. गांवांत व भोंवतालीं मिळून जुन्या ज्वालामुखींच्या जागा पन्नासांच्या घरांत भरतात. त्यांपैकीं कित्येक आतां हिरव्यागार टेकड्या होऊन बसल्या आहेत, व त्यांच्या उतारांवर लोक सकाळसंध्याकाळ फिरावयास जातात. आपल्याकडे थंडीची चाहूल लागते त्या वेळीं तेथें वसंतऋतु सरत आलेला असतो. चिरंजीवांचें बिऱ्हाड शहराच्या दक्षिण भागांत, पापाटोएटोए नांवाच्या वस्तींत होतें. हें नांव जिभेवर बसण्यास मला तीन दिवस लागले. त्या भागांत आपले हिंदी लोक पुष्कळ. आणि पॅसिफिक महासागरांतील सामोआ, टोंगा वगैरे बेटांतून आलेले लोकहि पुष्कळ. भाजीच्या दुकानांत मेथीची जुडी आणि अळवाचे मोठमोठे कांदे शेजारीं शेजारीं मांडलेले असत. मेथी आमच्यासाठीं, कांदे त्यांच्यासाठीं.

आमचा नातू तेव्हां नऊ वर्षांचा होता. मराठी त्यास समजे. परंतु प्रश्न मराठींत केला तरी उत्तर इंग्रजींत येई. सेवानिवृत्त मास्तराच्या हातीं असें मूल सांपडल्यावर काय व्हावयाचें तें झालें. मी पहिल्याच आठवड्यांत वही आंखली, रोज दहा शब्द नेमून दिले, आणि जेवतांखातां "हें मराठींत सांग पाहूं" असा लकडा लाविला. दुसऱ्या आठवड्यांत मी खोलींत आलों कीं नातू हळूच दुसऱ्या खोलींत जाऊं लागला. सौ. म्हणाल्या, "अहो, तो आपला नातू आहे, परीक्षेला बसलेला मुलगा नव्हे." मीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

एके दिवशीं नातू शाळेंतून आला तो हातांत तांबडें निशाण घेऊन. त्याच्या वर्गांतील एक मित्र टोंगाचा. २ नोव्हेंबर रोजीं ईडन पार्कवर टोंगा व ऑस्ट्रेलिया यांचा रग्बी लीगचा सामना होता, आणि मित्राच्या घरचीं सगळीं माणसें जाणार होतीं. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींवर तशींच तांबडीं निशाणें फडकत असलेलीं मीं त्या आठवड्यांत पाहिलीं होतीं, परंतु तो एखादा सण असावा अशी माझी समजूत झाली होती. चिरंजीवांनीं त्या मंडळींबरोबर आमचींहि तिकिटें काढलीं. सौ.ना बोचरा वारा सोसत नसल्यामुळें त्या व सूनबाई घरीं राहिल्या, व आम्ही तिघे पुरुष निघालों.

येथें या खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. रग्बीचे दोन संप्रदाय आहेत, आणि त्यांची फारकत पैशावरून झाली. उत्तर इंग्लंडांतील खेळगडी बहुधा गिरण्यांत व खाणींत राबणारे मजूर. शनिवारीं सामन्यास गेलें कीं त्यांची मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी भरून द्यावी असें उत्तरेकडील संघांचें म्हणणें होतें, आणि खेळ हा सद्गृहस्थांचा छंद असल्यामुळें त्यांत पैसा येतां कामा नये असें वरिष्ठ मंडळाचें म्हणणें होतें. शेवटीं २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड गांवच्या जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील संघांनीं सभा भरवून आपली निराळी संस्था काढिली. तिच्याच परंपरेंतून आजची रग्बी लीग आली. न्यूझीलंडांतून १९०७ सालीं अल्बर्ट बास्करव्हिल नांवाच्या तरुणाच्या खटपटीनें पहिला संघ इंग्लंडला गेला, तेव्हां पैसे घेऊन खेळतात म्हणून लोकांनीं त्या संघास 'ऑल गोल्ड्स' असें उपहासाचें नांव दिलें. सारांश, हा खेळ मूळचाच कष्टकऱ्यांचा आहे. एका बाजूस तेरा गडी. चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें, आणि समोरच्यांनीं त्यास मिठी मारून खालीं पाडावयाचें. सहा वेळां पकड झाली कीं चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. हुतूतूंत मध्यरेषेकडे झेंप घेणाऱ्या गड्याच्या पायांस चार जण बिलगतात, तें दृश्य ज्यानें पाहिलें आहे त्यास हा खेळ समजण्यास अडचण पडत नाहीं.

आतां टोंगाविषयीं. हें पॅसिफिक महासागरांतील लहानसें राज्य आहे. लोकसंख्या सुमारें एक लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या बऱ्याशा तालुक्याच्या गांवाएवढी. १९०० पासून १९७० पर्यंत तें इंग्रजांच्या संरक्षणाखालीं होतें. तथापि गादी मात्र त्यांच्याच राजघराण्याकडे राहिली, व आजहि तेथें राजा आहे. १९५३ सालीं लंडनमध्यें राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला त्या दिवशीं पाऊस कोसळत होता. टोंगाच्या राणी सालोटे यांनीं आपल्या गाडीचें छत वर करूं दिलें नाहीं. त्या हंसतमुखानें भिजत गेल्या, आणि साऱ्या लंडनच्या लाडक्या झाल्या. अशा या राज्याचे लोक पोटासाठीं मोठ्या संख्येनें न्यूझीलंडांत आले. २०१८ च्या शिरगणतींत त्या देशांत टोंगाचे लोक ८२ हजारांवर भरले, व त्यांतील बहुतेक ऑकलंडांत. मायदेशांत जेवढे, जवळजवळ तेवढेच परदेशांतील या एका देशांत!

या मुलांपैकीं धट्टींकट्टीं मुलें रग्बी खेळत, आणि नांवारूपास आलीं म्हणजे न्यूझीलंडच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या संघांत जात. तेंच स्वाभाविक होतें. मान तेथें, पैसा तेथें. परंतु २०१७ च्या विश्वचषकापूर्वीं एक नवल घडलें. जेसन टाउमालोलो हा ऑकलंडांतच जन्मलेला, न्यूझीलंडकडून खेळलेला, त्या काळच्या अव्वल गड्यांपैकीं एक. त्यानें जाहीर केलें कीं, आपण आईबापांच्या टोंगाकडून खेळणार. ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला अँड्र्यू फिफिटा यानेंहि तेंच केलें. पुढें हॅमिल्टन येथें टोंगानें न्यूझीलंडला २८–२२ असें हरविलें. मध्यंतरास टोंगा २–१६ असें मागें होतें. त्यानंतर ऑकलंडच्या माउंट स्मार्ट मैदानावर इंग्लंडशीं उपांत्य सामना झाला. इंग्लंड २०–० नें पुढें असतांना शेवटच्या कांहीं मिनिटांत टोंगानें १८ गुण केले, आणि दोन गुणांनीं सामना गमावला. त्या दिवशींची प्रेक्षकसंख्या ३०,००३ होती. चिरंजीव सांगत होते कीं, आमच्या वस्तीशेजारच्या ओटाहुहू भागांत त्या दिवसांत रस्ते तांबड्या निशाणांनीं भरून गेले होते.

असो. आम्ही आगगाडीनें निघालों, न्यूमार्केटला गाडी बदलली, आणि किंग्जलंड स्टेशनावर उतरलों. डब्यांत तांबड्या कपड्यांची दाटी होती. म्हातारेकोतारे, कडेवरचीं मुलें, गालांवर निशाण रंगविलेल्या मुली, सगळेच. कांहीं वृद्धांनीं कमरेभोंवतीं चटईसारखें विणलेलें एक वस्त्र गुंडाळलें होतें. त्यास ताओवाला म्हणतात, व आदराच्या प्रसंगीं तें नेसण्याची त्यांची रीत आहे. आपण देवदर्शनास निघतांना उपरणें घेतों तसेंच तें मला वाटलें. खेळ पाहण्यास निघालेला मनुष्य आदराचें वस्त्र नेसतो, हें पाहून मी जरा सावध झालों. हा नुसता तमाशा नव्हे, हें तेव्हांच लक्षांत यावयास हवें होतें.

ईडन पार्कचें नांव मला जुनें परिचयाचें होतें. १९७६ च्या जानेवारींत बिशनसिंग बेदी जखमी असल्यामुळें सुनील गावसकर यांनीं प्रथमच भारताचें नेतृत्व केलें तें याच मैदानावर, आणि त्यांत त्यांनीं शतक काढिलें. प्रसन्ना यांनीं एका डावांत आठ गडी बाद करून तो सामना जिंकून दिला होता. त्या वेळीं मी पंधरासोळा वर्षांचा होतों, व वर्तमानपत्राचें तें पान बरेच दिवस आमच्या भिंतीवर होतें. म्हणून आंत शिरतांच मीं मोठ्या कुतूहलानें चहूंकडे पाहिलें. आणि संवयीप्रमाणें मोजूं लागलों. आसनें सुमारें पन्नास हजार. एक कप्पा, त्यांतील रांगा, रांगेंतील खुर्च्या, असा हिशेब करतां करतां माझ्या ध्यानांत आलें कीं मैदान अर्धें रिकामें आहे. वरच्या सज्जांत तर ओळीच्या ओळी मोकळ्या होत्या. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आज रात्रीं जपानांत रग्बी युनियनच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आहे. गांवाचें अर्धें लक्ष तिकडे." त्याच दिवशीं ईडन पार्कवर न्यूझीलंड व ग्रेट ब्रिटन यांचाहि लीगचा सामना होता, व तो यजमानांनीं १२–८ असा जिंकला, तरीहि मैदान भरलें नव्हतें. माझ्या मनानें लगेच शेरा मारला: हजेरी असमाधानकारक.

हा शेरा मला थोड्याच वेळांत पुसावा लागला.

टोंगाचे गडी मैदानांत येण्यापूर्वींच गाणें सुरू झालें. आरोळी नव्हे, टाळ्यांचा ठेका नव्हे, गाणें. आमच्या पाठीमागें कोणी वृद्धानें जड आवाजांत एक ओळ उचलली, बायकांनीं ती वरच्या स्वरांत झेलली, तरुणांनीं खालचा स्वर धरला, आणि पाहतां पाहतां तें गाणें साऱ्या मैदानाला वळसा घालून पुनः आमच्याकडे आलें. ते सगळे ख्रिस्ती स्तोत्रें म्हणत होते. कोणी शिकविणारा पुढें उभा नाहीं, हातांत पुस्तक नाहीं, तरी हजारों कंठ वेगवेगळ्या स्वरांत एकमेकांशीं जुळून चाललेले. पंढरीच्या वाटेवर एका दिंडीचा अभंग संपतांना पुढच्या दिंडीचा कानीं पडतो, तेव्हां अंगावर जसा कांटा येतो, तसा माझ्या अंगावर आला. मग गड्यांनीं मैदानाच्या मधोमध उभें राहून सिपी ताऊ नांवाचें आपलें रणनृत्य केलें. त्या संघास लोक 'माते मा टोंगा' म्हणतात. 'टोंगासाठीं मरण' असा त्याचा अर्थ. शब्द मोठा आहे. पण त्या क्षणीं कोणाला तो मोठा वाटत नव्हता.

माझ्या शेजारीं नातवाच्या मित्राच्या आजी बसल्या होत्या. वय माझ्याहून थोडें अधिक असावें. त्यांच्याभोंवतीं सहासात नातवंडें होतीं, आणि तीं सगळीं न अडखळतां गात होतीं. तीं ऑकलंडांत जन्मलेलीं, आमच्या नातवाच्याच शाळेंत जाणारीं, आपसांत इंग्रजीच बोलणारीं. माझ्यांतील मास्तर गप्प बसेना. मीं माझ्या मोडक्या इंग्रजींत विचारलें, "बाई, हीं गीतें या मुलांना कोण शिकवितें?"

त्या हंसल्या. "शिकविणार कोण? रविवारीं देवळांत आमच्या शेजारीं बसतात. आम्ही म्हणतों, तीं म्हणतात."

"अर्थ समजतो का त्यांना?"

"मला तरी त्यांच्या वयांत कोठें समजत होता?" त्या म्हणाल्या. "आधीं म्हणावयाचें. अर्थ मागाहून येतो."

इतकें बोलून त्यांनीं आपल्या पिशवींतून एक लहानसें तांबडें निशाण काढून माझ्या हातांत दिलें, आणि पुनः गाण्यांत सामील झाल्या. पुढचा सामना मीं तें निशाण हातांत घेऊनच पाहिला.

खेळाचें बारीकसारीक वर्णन करण्यास मी अधिकारी नाहीं. ऑस्ट्रेलिया हा या खेळांतील अजिंक्यप्राय संघ. २०२२ अखेर झालेल्या १६ विश्वचषकांपैकीं १२ त्यांनीं जिंकले आहेत. इंग्लंड, ग्रेट ब्रिटन व न्यूझीलंड यांच्याखेरीज कोणाहि राष्ट्राकडून १९७८ नंतर ते हरले नव्हते. त्या सालीं त्यांना फ्रान्सनें हरविलें होतें. अशा संघाशीं लाखभर वस्तीचें राज्य झुंजत होतें. टोंगाचा एखादा गडी चेंडू घेऊन धांवला कीं गाणें थांबे, श्वास थांबे, आणि तो तिघाचौघांना ओढीत दोन पावलें पुढें गेला कीं असा कल्लोळ उठे कीं बाकें हादरत. पकड चुकली तर हळहळ होई, पण आपल्या गड्यास शिवी नाहीं. जणु प्रत्येक गडी कोणाच्या ना कोणाच्या घरचा होता. आणि खरें पाहतां तसेंच होतें. एवढ्या लहान समाजांत कोणी कोणाचा भाचा, कोणी कोणाच्या गांवचा असतोच. शेवटचीं दहा मिनिटें शेजारच्या आजी डोळे मिटून बसल्या होत्या. शिटी वाजली तेव्हां फलकावर टोंगा १६, ऑस्ट्रेलिया १२ असे आंकडे होते. त्यांनीं डोळे उघडले, फलकाकडे पाहिलें, आणि रडूं लागल्या. त्यांचा नातू व आमचा नातू एकमेकांच्या गळ्यांत पडून नाचत होते. आणि पुनः तेंच स्तोत्र.

या विजयांत एक विलक्षण गोष्ट होती, ती मला मागाहून समजली. टोंगाच्या तेथील क्रीडामंडळाचा कारभार वादांत सांपडल्यामुळें आंतरराष्ट्रीय संस्थेनें तें निलंबित केलें होतें. म्हणून त्या दिवशीं त्या संघास कागदोपत्रीं राष्ट्राचा संघ म्हणतां येत नव्हतें. 'टोंगाचे निमंत्रित तेरा' असें कांहींसें नांव त्यास दिलेलें होतें. कागदावर राष्ट्र नव्हतें. बाकांवर मात्र तें सगळेंच्या सगळें बसलें होतें.

वर्तमानपत्रांत आंकडा आला: प्रेक्षक पंचवीस हजारांहून थोडे अधिक. म्हणजे माझा अंदाज चुकला नव्हता. परंतु त्या आंकड्यानें माझें समाधान होईना. परत आल्यावर जिज्ञासेनें मीं या खेळांतील आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या मोठमोठ्या गर्दीचे आंकडे जमविले, ते वाचकांपुढें थोडक्यांत ठेवितों.

१९३२ सालीं सिडनीच्या क्रिकेट मैदानावर ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्या सामन्यास ७०,२०४ लोक होते. जगभर मंदी असतां हा जमाव लोटला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पुढें साठ वर्षांनीं, १९९२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यास लंडनच्या वेंब्ली मैदानावर ७३,६३१ लोक जमले. ऑस्ट्रेलियानें ग्रेट ब्रिटनला १०–६ असें हरविलें. २०१३ सालीं मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर अंतिम सामन्यास ७४,४६८ लोक आले, आणि तोच या खेळांतील आंतरराष्ट्रीय सामन्यांचा उच्चांक ठरला. गंमत अशी कीं, त्या सामन्यांत इंग्लंड खेळतच नव्हतें. इंग्लंडचा संघ वेंब्लीवर अखेरच्या क्षणीं न्यूझीलंडकडून २०–१८ असा हरला होता. ऑस्ट्रेलियानें न्यूझीलंडचा ३४–२ असा धुव्वा उडविला, आणि तो उत्तर इंग्लंडच्या लोकांनीं शांतपणें पाहिला. आपलें कोणीहि मैदानांत नसतां केवळ खेळावरील प्रेमानें एवढे लोक येतात, हेंहि लहानसहान नाहीं. गिरणीमजुरांनीं सव्वाशें वर्षांपूर्वीं लाविलेल्या वेलाचें तें फळ आहे.

उलट ऑस्ट्रेलियांत, जेथें हा खेळ घरोघरचा आहे, तेथें आंतरराष्ट्रीय सामन्यांची गर्दी कित्येकदां मध्यमच असते. २०१७ चा अंतिम सामना ब्रिस्बेन येथें झाला, ऑस्ट्रेलियानें इंग्लंडला ६–० असें हरविलें, आणि प्रेक्षक ४०,०३३. परंतु क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्स या दोन प्रांतांच्या सामन्यास २०१५ सालीं मेलबर्न येथें ९१,५१३ लोक जमले होते! याचें कारण उघड आहे. राष्ट्राचा संघ बहुधा जिंकणारच. त्यांत चुरस कसली? शेजाऱ्याशीं भांडण मात्र नेहमीं ताजें असतें. म्हणजे गर्दीचा आंकडा ठरविणाऱ्या गोष्टी अनेक: मैदान केवढें, तिकीट केवढ्याचें, एका तिकिटांत सामने किती, निकाल आधींच ठरल्यासारखा आहे कीं नाहीं, आणि लोक बराच काळ भुकेले आहेत कीं नाहींत. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांची ॲशेस मालिका २००३ नंतर बंद पडली होती. ती २०२५ सालीं पुनः सुरू झाली, तेव्हां वेंब्लीवर ६०,८१२ व लिव्हरपूलच्या नव्या मैदानावर ५२,१०६ लोक आले. तिन्ही सामने ऑस्ट्रेलियानें जिंकले. बावीस वर्षांची भूक ती; निकालाकडे पाहून थोडीच राहते!

आणि ऑकलंडांत मीं पाहिलेली लाटहि पुढें सरकत गेली. २०२२ मध्यें सामोआनें इंग्लंडला लंडनमध्यें २७–२६ असें हरवून अंतिम सामना गांठला. ओल्ड ट्रॅफर्डवर त्या दिवशीं स्त्रियांचा व पुरुषांचा असे दोन्ही अंतिम सामने झाले, व प्रेक्षक ६७,५०२ होते. ऑस्ट्रेलिया ३०–१० अशी जिंकली. परंतु लहानशा बेटांचें राष्ट्र तेथवर येऊन पोंचलें होतें.

हे सगळे आंकडे खरे आहेत, आणि त्यांना अर्थ आहे. तरी त्यांच्या यादींत त्या २ नोव्हेंबरचा आंकडा कोठें बसतो हें पाहिलें तर तो बराच खालीं बसतो. संस्कृतांत 'संख्या' म्हणजे मोजणी. आणि अंत्य स्वर ऱ्हस्व केला कीं 'संख्य' म्हणजे युद्ध. गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या श्लोकांत हा शब्द आला आहे, व मुलें दरवर्षीं त्याचा अर्थ 'संख्या' असा लिहून गुण गमावीत. मीं त्यांच्या उत्तरांवर तांबडी रेघ ओढली. पण ईडन पार्कवर मींहि तीच चूक केली. संख्या पाहून शेरा मारला, आणि संख्य समोर उभें होतें तें दिसलें नाहीं.

परततांना गाडींत नातवाचा घसा बसला होता. तो खिडकीशीं बसून त्या स्तोत्राची चाल गुणगुणत होता. शब्द त्यास येत नव्हते. मध्येंच थांबून त्यानें इंग्रजींतच विचारलें, "आजोबा, असें सगळ्यांनीं मिळून म्हणावयाचें आपलें कांहीं आहे का?"

वाचकहो, पस्तीस वर्षें मीं संस्कृत शिकविलें. या प्रश्नाचें उत्तर मला तासभर देतां आलें असतें. परंतु मला एकाएकीं आठवलें कीं, या घरीं येऊन तीन आठवडे झाले, आणि मीं या मुलाला शब्द विचारले, अर्थ विचारले, चुका दाखविल्या. त्याच्या शेजारीं बसून त्याच्याबरोबर कांहीं म्हटलें मात्र एकदांहि नाहीं. चिरंजीवांना मीं मराठीवरून मनांतल्या मनांत किती वेळां दोष दिला होता! मुलगा परदेशीं जन्मला म्हणून भाषा गेली, असें मी म्हणत होतों. त्या टोंगाच्या आजींचीं नातवंडेंहि परदेशींच जन्मलीं होतीं. मी एवढेंच म्हणालों, "आहे. उद्यां म्हणूं."

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं सौ.नीं दिवा लाविला, तेव्हां आम्ही पांचहि जण बसलों. 'शुभं करोति' झालें, मग रामरक्षेचे पहिले श्लोक झाले. मीं अर्थ सांगितला नाहीं, वही काढली नाहीं. नातवाला शब्द येत नव्हते; तो आमच्या तोंडाकडे पाहून ओठ हलवीत होता. चौथ्या दिवशीं त्याचा आवाज ऐकूं येऊं लागला.

त्यास आतां सहा वर्षांहून अधिक काळ लोटला. आम्ही येथें आहों, तीं मंडळी तेथें. दर रविवारीं आमच्या सकाळीं व त्यांच्या दुपारीं दूरध्वनीच्या पडद्यावर आम्ही एकत्र बसतों. नातू आतां उंचीनें माझ्यावर गेला आहे. त्याचा 'ळ' अजून नीट येत नाहीं. मी तो सुधारीत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत रामरक्षा संपल्यावर त्यानें आपण होऊन एका शब्दाचा अर्थ विचारला. मीं तो सांगितला, आणि त्या बाईंची आठवण झाली.

मैदानावरची गर्दी एका दिवसांत जमत नाहीं. ती कोठें तरी घरांत, देवळांत, आजीच्या शेजारीं वर्षानुवर्षें जमत असते, व मग एखाद्या सायंकाळीं मैदानावर दिसते. ज्यांचीं मुलें-नातवंडें दूरदेशीं आहेत अशा समवयस्कांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, त्यांची परीक्षा घेऊं नका; त्यांच्या शेजारीं बसा. आमचा पट पांचांचा आहे, आणि हजेरी बहुतेक रविवारीं पांचांचीच असते. तिसरा आंकडा मोजण्याची मला हल्लीं आठवण राहत नाहीं.